सम्यक व्यायाम : चळवळीतल्या मनासाठी रोजच्या सवयी

सकाळी डोळे उघडले की आपला हात आधी मोबाईलकडे जातो. रात्रीतून चार ग्रुपवर शंभर-दीडशे मेसेज येऊन पडलेले असतात. कुठे नवरदेवाची वरात अडवली, कुठे पुतळ्याची विटंबना झाली, कुठे वसतिगृहातल्या मुलाचा छळ झाला. त्याखाली आपल्याच दोन गटांची एकमेकांवर चिखलफेक. तोंड धुण्याआधीच मन काळवंडते आणि तेच मन घेऊन दिवसभर कॉलेजात, नोकरीवर किंवा अभ्यासिकेत बसायचे असते.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर तरुण मुले-मुली थोडा वेळ थांबतात. त्यांच्या बोलण्यात हल्ली एक वाक्य वारंवार येते : "काही बदलणार नाही." वीस-बावीस वर्षांच्या तोंडून हे ऐकले की आम्हाला काळजी वाटते. काही बदलणारच नाही असे ज्याला मनापासून वाटते, तो एक तर घरी बसतो, नाही तर नुसता चिडत राहतो. दोन्हींमुळे चळवळीचे नुकसान होते आणि त्या तरुणाचेही.

यावर बाजारात एक तयार औषध मिळते. 'पॉझिटिव्ह राहा, सगळे छान आहे असे रोज दहा वेळा म्हणा.' हा सल्ला आपल्या समाजाच्या पचनी पडत नाही आणि पडूही नये. आडनाव ऐकून ज्याला भाड्याची खोली नाकारली गेली, त्याला 'सगळे छान आहे' म्हणायला सांगणे ही थट्टा आहे.

तथागतांनी सुरुवातच वेगळ्या ठिकाणी केली. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य. ते झाकायचे नाही, त्याकडे सरळ बघायचे. पण ते तिथेच थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हेही त्यांनी सांगितले. बौद्ध माणसाची आशा या कार्यकारणभावावर उभी आहे. नशीब उघडेल, कुणी वरून येऊन वाचवेल, यावर ती अवलंबून नाही. म्हणून ती टिकाऊ आहे. मात्र ती आपोआप टिकत नाही, तिला रोजची मशागत लागते.

सम्यक व्यायाम म्हणजे काय?

या मशागतीला अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम म्हणतात. इथे व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत, योग्य दिशेने केलेला मनाचा प्रयत्न. तो चार प्रकारचा आहे. जे वाईट विचार अजून मनात आलेले नाहीत त्यांना येऊ न देणे, म्हणजे संवर. जे आलेले आहेत त्यांना काढून टाकणे, म्हणजे प्रहाण. जे चांगले विचार अजून आलेले नाहीत ते आणणे, म्हणजे भावना. आणि जे चांगले आहे ते राखणे, वाढवणे, म्हणजे अनुरक्षण. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही सम्यक व्यायामाचे हेच चार उद्देश सांगितले आहेत.

मज्झिम निकायातल्या द्वेधावितक्क सुत्तात तथागत आपला स्वतःचा अनुभव सांगतात. संबोधीपूर्वी त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले. एका बाजूला लोभ, द्वेष आणि हिंसेचे विचार, दुसऱ्या बाजूला त्याग, अद्वेष आणि अहिंसेचे विचार. त्यांच्या लक्षात आले की माणूस ज्या गोष्टीचा वारंवार विचार करतो, त्याच बाजूला त्याचे मन कलते. तिथे त्यांनी गुराख्याचे उदाहरण दिले आहे. शेतात पीक उभे असते तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरांच्या मागे राहावे लागते. पीक निघाल्यावर मात्र तो झाडाखाली बसून नुसते लक्ष ठेवतो. मनाचेही तसेच आहे. सुरुवातीला राखण करावी लागते, सवय लागली की नुसते लक्ष पुरते.

म्हणून सकारात्मक दृष्टी हा कुणाला जन्मतः मिळालेला स्वभाव नसून ती लावून घेण्याची सवय आहे. पुढे दिलेल्या सवयी आम्ही या चार प्रयत्नांच्या क्रमानेच मांडत आहोत.

संवर : दिवसाचा पहिला अर्धा तास स्वतःचा

पहिली सवय अगदी साधी आहे. उठल्यावर अर्धा तास मोबाईल हातात घ्यायचा नाही. अलार्मसाठी तो उशाशी लागत असेल तर साधे घड्याळ कुठल्याही बाजारात मिळते. या अर्ध्या तासात तोंड धुऊन त्रिशरण-पंचशील म्हणावे, दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. एवढे झाले तरी पुरे.

पंचशील आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, त्यामुळे अर्थाकडे लक्ष जात नाही. रोज त्यातले एकच शील निवडा आणि 'आज हे मी कुठे पाळणार?' एवढे ठरवा. चौथे शील निवडले तर आज एकही ऐकीव गोष्ट खात्री केल्याशिवाय पुढे पाठवणार नाही, असे ठरवता येते. बातम्या अर्ध्या तासाने वाचल्या म्हणून कुठलाही अन्याय लपत नाही. फरक एवढाच पडतो की त्या वाचणारे मन जागे आणि स्थिर असते.

कार्यकर्त्यांनी मेसेजच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे. अंगुत्तर निकायात चांगल्या वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत : ती योग्य वेळी बोललेली असावी, खरी असावी, मृदू असावी, हिताची असावी आणि मैत्रीच्या भावनेने बोललेली असावी. ग्रुपवर काही टाकण्याआधी ही पाच बोटे मोजा. रात्री साडेअकराला, खात्री न करता, शिव्या घालून टाकलेला मेसेज पाचही कसोट्यांवर नापास होतो. असे मेसेज थांबले तरी आपल्या निम्म्या ग्रुपांची हवा बदलेल.

प्रहाण : दुसरा बाण ओळखा

संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात एक दृष्टांत आहे. एखाद्याला बाण लागतो आणि लगेच त्यावर दुसरा बाण लागतो. अशिक्षित मनाच्या माणसाचे तसेच होते. त्याला वेदना होते आणि त्या वेदनेवर तो शोक, संताप, हताशा यांचा दुसरा बाण मारून घेतो. शिकलेल्या श्रावकाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

हा दृष्टांत आपल्या संदर्भात जपून वापरायला हवा. जातीचा अपमान हा पहिला बाण आहे आणि तो दुसऱ्या कुणीतरी मारलेला आहे. 'तू मनाला लावून घेऊ नकोस' असे सांगून त्याची जबाबदारी सोसणाऱ्यावर टाकता येत नाही. त्या बाणासाठी संविधान आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे आणि आपली संघटना आहे. पण त्यानंतर रात्रभर मनात चालणारे 'माझ्यातच काही कमी आहे', 'सगळेच असे आहेत', 'आता जगून काय उपयोग' हे दुसरे बाण आहेत. ते ओळखता आले पाहिजेत.

यासाठी वहीची सवय लावा. अपमानाचा किंवा निराशेचा प्रसंग घडला की वहीचे पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला फक्त काय घडले ते लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोलले, कोण हजर होते. उजव्या बाजूला आपल्या मनाने त्यावर काय भाष्य केले ते लिहा. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की 'सगळेच असे आहेत' हे वाक्य घटनेचा भाग नव्हते, ते आपण जोडले, हे स्पष्ट दिसते. डाव्या बाजूचा उपयोग आणखी मोठा आहे. उद्या तक्रार करायची वेळ आली, एफआयआर नोंदवायची वेळ आली, तर त्याच दिवशी लिहिलेला हा तपशील कामी येतो. मन सावरणे आणि लढा लढणे ही दोन्ही कामे एकाच पानावर होतात.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले तिथे लोक लाठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशात उच्च शिक्षण घेतलेला माणूस शहरातल्या सार्वजनिक बागेत बसून राहिला. हा प्रसंग त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात बारीकसारीक तपशिलासह लिहून ठेवला आणि इतक्या वर्षांनंतरही तो आठवला की डोळ्यांत पाणी येते, अशी कबुली दिली. ते दुःख विसरले नाहीत, त्याला हसून टाळलेही नाही. पण त्याच दुःखाने त्यांना अडवलेही नाही. त्यांनी मूकनायक काढले, ते पुन्हा लंडनला गेले, अभ्यास पुरा केला, महाडला गेले. सकारात्मकतेचा आपल्यापुरता अर्थ हाच आहे.

त्रास देणारा विचार जात नसेल तर काय करावे, हे वितक्कसण्ठान सुत्तात सांगितले आहे. पाच उपाय क्रमाने करायचे. पहिला, त्याच्या जागी चांगला विचार आणणे, जसा सुतार बारीक खुंटी ठोकून मोठी खुंटी बाहेर काढतो. दुसरा, त्या विचाराने आपले किती नुकसान होते ते बघणे. तिसरा, त्याच्याकडे लक्ष न देणे, उठून दुसऱ्या कामाला लागणे. चौथा, तो विचार कुठून सुरू झाला याचा मागोवा घेत त्याचा वेग कमी करणे. जसा घाईने चालणारा माणूस 'मी इतकी घाई का करतोय?' असे म्हणून हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो. या चारांनी जमले नाही तरच पाचवा, दात-ओठ आवळून निग्रहाने तो दाबणे. आपण बहुतेक वेळा पाचव्यापासूनच सुरुवात करतो आणि थकतो.

कुणी शिव्या दिल्या तर? अक्कोस सुत्तात असा प्रसंग आहे. राजगृहात एक ब्राह्मण रागाने येऊन तथागतांना वाटेल तसे बोलला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे आले, तू त्यांच्यापुढे अन्न ठेवलेस आणि त्यांनी ते घेतले नाही, तर ते कुणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच तुझ्या शिव्या आम्ही घेतल्या नाहीत, त्या तुझ्याकडेच राहिल्या, असे तथागत म्हणाले. सोशल मीडियावर अनोळखी माणसाशी रात्री दोनपर्यंत भांडताना हा प्रसंग आठवावा. जिथे कायदेशीर कारवाई करायची तिथे स्क्रीनशॉट काढून ठेवा. बाकीचे ताट परत करा.

भावना : मैत्री आणि कल्याणमित्र

वाईट विचार काढून टाकले की जागा रिकामी होते. तिथे काही पेरले नाही तर तण पुन्हा उगवते. म्हणून रोज पाच मिनिटे मैत्री भावना करावी. आधी स्वतःबद्दल, मग घरच्यांबद्दल, मग शेजारी, सहकारी यांच्याबद्दल आणि शेवटी ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांच्याबद्दल. सुरुवात स्वतःपासून करण्याला आपल्याकडे विशेष अर्थ आहे. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या 'तुम्ही कमी आहात' असे ऐकवले गेले, त्या समाजातल्या मुलीने आरशासमोर उभे राहून 'मी सुखी होवो' म्हणणे हा स्वाभिमानाचाच धडा आहे. मैत्री म्हणजे अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडणे नव्हे. त्याच्यावर खटला चालवावा, पण आपल्या मनाची किल्ली त्याच्या हातात देऊ नये.

दुसरी गोष्ट, कल्याणमित्र. आनंद एकदा तथागतांना म्हणाले की चांगले मित्र असणे म्हणजे अर्धे धम्मजीवन आहे. तथागतांनी त्यांना दुरुस्त केले, ते अर्धे नसून संपूर्ण धम्मजीवन आहे. एकट्याने खोलीत बसून सकारात्मक होणे फार अवघड असते. पुण्या-संभाजीनगरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली शेकडो मुले गावाकडे फोनवर 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगतात. त्यांना खरे बोलता येईल असा एक तरी माणूस हवा. प्रत्येकाने असा एक कल्याणमित्र ठरवावा, आठवड्यातून एकदा त्याच्याशी अर्धा तास बोलावे. राजकारण आणि निकाल सोडून 'तू कसा आहेस?' हे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे.

अनुरक्षण : केलेले चांगले काम आठवा

आपल्या चळवळीत उणिवा मोजायची सवय मोठी आहे. ती हवी, पण एकटी ती माणसाला कोरडे करते. तथागतांनी उपासकांना शीलानुस्मृती आणि त्यागानुस्मृती शिकवल्या, म्हणजे आपण पाळलेले शील आणि दिलेले दान आठवून मन प्रसन्न करणे. यात गर्व नाही. रात्री झोपण्याआधी तीन गोष्टी आठवा : आज मी काय शिकलो, कुणाला काय दिले, कोणते चुकीचे काम करायचे टाळले. वस्तीतल्या एखाद्या मुलाला गणित समजावले, शेजारच्या आजींचा रेशन कार्डाचा फॉर्म भरून दिला, ग्रुपवरच्या भांडणात तेल ओतले नाही, एवढेही पुरेसे आहे.

त्याच वेळी राहुलाला केलेला उपदेश आठवावा. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर त्याकडे पुन्हा पुन्हा बघावे, असे तथागतांनी त्यांना सांगितले. चुकले असेल तर ते जाणत्या माणसाजवळ कबूल करावे आणि पुढे तसे न करण्याचे ठरवावे. चांगले झाले असेल तर आनंदाने ते चालू ठेवावे. आपण पहिला भाग करतो, दुसरा विसरतो. आनंद मानणे हाही उपदेशाचाच भाग आहे.

तार किती ताणायची?

आपल्या कार्यकर्त्यांचे वर्ष १ जानेवारीला भीमा कोरेगावपासून सुरू होते. मग १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. मधल्या काळात मोर्चे, निवेदने, कोर्टाच्या तारखा. झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही आणि घरच्यांशी बोलायला वेळ नाही. काही वर्षांत असा कार्यकर्ता एक तर आजारी पडतो, नाही तर सगळ्यांवर चिडून बाजूला होतो.

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट अशा प्रत्येकाने वाचावी. ते श्रीमंत घरातून आले होते. साधनेत त्यांनी इतका अट्टहास केला की चालून चालून पायांतून रक्त आले. तरी हाती काही लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्यांच्या मनात आले. तथागतांनी त्यांना विचारले, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? फार सैल सोडल्या तर? सोणांना उत्तर कळले. प्रयत्न फार ताणला तर मन अस्वस्थ होते, फार सैल सोडला तर आळस येतो. बाबासाहेबांनी आयुष्यात किती कष्ट घेतले ते आपण जाणतो, पण त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हातात घेतले होते, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून सात तास झोप, वेळेवर जेवण, रोज अर्धा तास चालणे आणि पौर्णिमेच्या उपोसथाला शक्य तितका वेळ मोबाईल बंद, या चार गोष्टी कार्यकर्त्याने संघटनेच्या कामाइतक्याच गंभीरपणे घ्याव्यात. लढे लांबचे असतात. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी प्राशन केले, पण त्या तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात संपायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे टिकायचे तर तार नीट लावलेली हवी.

सवयी पुऱ्या पडत नाहीत तेव्हा

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सतत दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नये असे विचार येत असतील, तर तो आजार असू शकतो. तिथे वही आणि ध्यान एवढ्यावर थांबू नये, डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. विहारात एक भिक्खू आजारी होऊन पडला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतः त्याला अंघोळ घातली आणि इतर भिक्खूंना एकमेकांची सेवा करायला सांगितले. आपल्यातला कुणी अचानक गप्प झाला, ग्रुपमधून बाहेर पडला, वंदनेला येईनासा झाला, तर त्याच्या घरी जाणे हे आपले काम आहे.

सुरुवात कुठून?

या सगळ्या सवयी उद्यापासून एकदम लावायच्या ठरवल्या तर चार दिवसांत सुटतील. एकच निवडा. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. हे तीन महिने सवय रुजवायला पुरेसे आहेत. वर्षावास लांब असेल तर येत्या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत एक महिना धरा. वाचनाला जमणाऱ्या पाच-सात जणांनी मिळून एकच सवय घ्यावी आणि दर रविवारी एकमेकांना विचारावे, या आठवड्यात किती दिवस जमले? तीन दिवस जमले तर तीन सांगा. पुढच्या रविवारी चार होतील.

'काही बदलणार नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला आम्ही हल्ली वाद घालून उत्तर देत नाही. त्याला वही देतो आणि पुढच्या रविवारी ती घेऊन यायला सांगतो.